पिनकोडमधलं एक शून्य खाल्लं (माझा अनुभव)

पत्ता बदलायला एका ऑफिसात गेलेलो. माझं टोकन ११२, बोर्डावर ४७, मोबाईलची बॅटरी खल्लास. समोरच्या फॉर्मवर मीच लिहिलेला दादर पश्चिमचा पिनकोड होता, ४०००२८, म्हटलं चला याचे मूळ अवयव काढू, तेवढाच टाइमपास.

४ ने लगेच भाग गेला, उरले १००००७. आणि इथे जी गाडी अडली ती अडलीच. ३, ५, ११ च्या कसोट्या तोंडी होतात, पुढे नुसते भागाकार. वर्गमूळ ३१६ च्या जरा वर, म्हणजे ३१३ पर्यंतच्या मूळ संख्या बघायच्या, त्या ६५ (वर्गमूळाच्या पुढे जायचं नसतं, दोन्ही अवयव त्याहून मोठे असूच शकत नाहीत, हे आधीच ठरवा नाहीतर रात्र होईल). ३१ ला बाकी १, ५९ ला बाकी २, जीव नुसता वरखाली. ८९ पर्यंत झेरॉक्सचा पाठकोरा कागद भरला, दुसरा घेतला, वर संख्या परत लिहिली आणि ९७ पासून ३१३ पर्यंत सगळं रेटलं. एकानेही भाग जाईना. मी खूश, १००००७ मूळ संख्या! काउंटरवरच्या बाईंना सांगणार होतो, पण त्या आधीच म्हणाल्या, झेरॉक्सवर सही कुठंय?

घरी भाचीला रुबाबात सांगितलं. तिने फोनवर बघितलं न बघितलं, "मामा, ९७ ने जातोय की. १०३१ येतात."

कागद काढून बघतो तर दुसऱ्या कागदावर मी १०००७ लिहिलेले. एक शून्य गायब. बरं, १०००७ ही स्वतःच मूळ संख्या निघाली, मग त्याला भाग जाणार कसा, ४१ भागाकार अगदी बरोबर केले आणि सगळे भलत्याच संख्येचे!! अजून आठवलं की डोकं फिरतं.

त्यात ९७ तर तोंडी होतं. ९७ म्हणजे १०० ला ३ कमी, म्हणून प्रत्येक शंभरामागे ३ धरायचे. १००००७ म्हणजे १००० शेकडे आणि ७, त्याचे ३००७. परत ३० शेकडे आणि ७, त्याचे ९७. झालं. दहा सेकंद.

१०३१ मात्र खरंच मूळ, ३१ पर्यंत तपासलं, यावेळी दोनदा. भाची म्हणाली सलग १०३१ वेळा १ लिहिला तर ती संख्यासुद्धा मूळ आहे, १९८६ मध्ये सिद्ध झालंय. ते मी तपासणार नाहीये.

तर ४०००२८ म्हणजे २ × २ × ९७ × १०३१, भाजक एकूण १२. देवळालीचे गणितज्ञ कापरेकर गुरुजी, त्यांची हर्षद संख्या आहे का तेही बघितलं, म्हणजे अंकांच्या बेरजेने भाग जातो का. बेरीज १४, नाही जात. दादर पूर्वचा ४०००१४, बेरीज ९, त्याला जातो! पूर्ववाल्यांना हे कळू देऊ नका. (कापरेकरांच्याच आणखी एका प्रकारच्या संख्या म्हणजे डेम्लो संख्या, त्यांचं नाव डोंबिवली स्टेशनच्या जुन्या नावावरून आलंय, सेंट्रलवाल्यांनी तेवढा माज करायला हरकत नाही.)

आणि हो, चौकटीची वही घ्या. एका चौकटीत एक अंक, शून्य पळालं तर लगेच दिसतं.