चढावर बंद पडलेली एमजीबी

जुन्या गाडीचा कॉल आला की कंट्रोल रूमवाले तो माझ्याकडेच ढकलतात. डेपोतली बाकीची पोरं हुशार आहेत, पण त्यांना आधी लॅपटॉप लावायचं सॉकेट दिसावं लागतं. १९७२ च्या गाडीत ते कुठून असणार? मी शिकलो कोल्हापूरच्या उद्यमनगरात, ॲम्बॅसडरखाली उताणा पडून. बायको नर्स, तिच्या नोकरीमुळे इंग्लंडात आलो आणि स्टोक-ऑन-ट्रेंटजवळ रस्त्यात बंद पडलेल्या गाड्या सुरू करून देण्याच्या कामाला लागलो. इथल्या जुन्या गाड्या मला कधी परक्या वाटल्याच नाहीत. ॲम्बॅसडर म्हणजे मूळची मॉरिस ऑक्सफर्ड, तिच्यात १४८९ सीसीचं बी-सिरीज इंजिन. एमजीबी या दोन सीटच्या इंग्लिश स्पोर्ट्स गाडीत त्याच घराण्यातलं १७९८ सीसीचं. फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटायचा क्रम, तीच: एक-तीन-चार-दोन. फरक इतकाच, की आमच्याकडे ते इंजिन आठ-नऊ माणसं आणि वर दोन गुळाच्या ढेपा ओढायचं. इथे दोन माणसं आणि एक पिकनिकची टोपली.

त्या दिवशीचा कॉल बक्स्टनहून मॅकल्सफील्डला जाणाऱ्या ए-५३७ रस्त्यावरचा होता. या रस्त्याला सगळे 'कॅट अँड फिडल' म्हणतात, माथ्यावर त्या नावाचा जुना पब होता म्हणून. रस्ता पाचशे मीटरच्या वर चढतो. आजूबाजूला नुसतं माळरान, मेंढ्या आणि वारा. सप्टेंबर संपत आला होता, बारीक पाऊस लागला होता. माथ्याच्या अलीकडे एका कडेच्या जागेत गडद लाल एमजीबी उभी होती, टप चढवलेला. शेजारी रेनकोट घातलेल्या एक बाई. सत्तरीच्या पुढच्या, पण ताठ. निवृत्त शिक्षिका आहेत हे त्यांनी सांगायच्या आधीच माझ्या लक्षात आलं होतं, कारण पहिलं वाक्य होतं, "तुला उशीर झाला, डक." या भागात ओळख असो नसो, सगळ्यांनाच डक म्हणतात.

मी किल्ली फिरवली. अर्ध्या सेल्फवर गाडी सुरू.

अंगात ताप असलेलं पोर डॉक्टरांपुढे नेलं की खेळायला लागतं, तसलाच प्रकार. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "हेच. पंधरा मैल गेलं की मरते, तासभर उभी केली की काही झालंच नाही असं दाखवते."

अशा वेळी घाईतला माणूस 'सुरू झाली, सही करा' म्हणून निघून जातो. उन्हाळ्यात दोघं तसे गेले होते, हे बाईंनी लगेच ऐकवलं. मी विचारलं, हे कधीपासून? मेपासून, म्हणाल्या. मेमध्ये काय झालं? सर्व्हिस. ठिणगी पाडणारं सगळं सामान नवं: पॉइंट (करंट जोडणारा-तोडणारा छोटा स्विच), कंडेन्सर, रोटर, कॅप, प्लग. त्यानंतर गाडी बंद पडायला लागली तेव्हा गॅरेजने ठिणगीचा जोराचा करंट तयार करणारी कॉइल बदलली. मग प्लगच्या वायरी. मग पेट्रोलचा पंप. सहाशे पौंड गेले होते आणि गाडी तिथल्या तिथे.

पंपाचं बदलणं समजण्यासारखं होतं. या गाड्यांतला एसयू कंपनीचा विजेवरचा पेट्रोल पंप प्रसिद्धच आहे. चावी ऑन केली की मागून टिकटिक ऐकू येते, कार्ब्युरेटर भरले की ती मंदावते आणि थांबते. पंपातले पॉइंट चिकटले की टिकटिकच नाही. मग उतरायचं आणि पंपाला एक ठोका द्यायचा. बाईंच्या दाराच्या कप्प्यात त्यासाठी लाकडी दांड्याची छोटी हातोडी होती. नवा पंप बिनपॉइंटचा, त्याला ठोकून काही उपयोग नाही. तरी हातोडी जागच्या जागी होती.

"तू आता काय करणार?" बाईंनी विचारलं.

"ती पुन्हा मरेपर्यंत थांबणार."

बॉनेट बंद केलं, इंजिन जरा चढ्या आयडलवर ठेवलं आणि आम्ही माझ्या व्हॅनमध्ये जाऊन बसलो. बाईंकडे थर्मास होता. तेव्हा कळलं की त्या गाडी विकायला निघाल्या आहेत. गिऱ्हाईक मॅकल्सफील्डला वाट बघत बसलं होतं. गुडघ्यांनी दगा दिलाय, म्हणाल्या, या गाडीत बसणं म्हणजे जमिनीवर बसणं आणि उतरणं म्हणजे जमिनीवरून उठणं. तेविसाव्या वर्षी पहिल्या पगारांतून हप्त्याने घेतलेली, नवीकोरी. वडील म्हणाले होते, लग्न कर, त्यात कमी खर्च आहे.

वाट बघता बघता या गाड्यांच्या बदनामीवर बोलणं आलंच. इथे त्यावर विनोदांचं अख्खं भांडार आहे आणि निम्मे विनोद बर्मिंगहॅमच्या लुकास कंपनीवर. दिवे, डायनॅमो, प्लगांना करंट वाटणारा डिस्ट्रिब्यूटर, स्विच, सगळं त्यांचं. म्हणून जोसेफ लुकासला 'प्रिन्स ऑफ डार्कनेस' म्हणायचं. इंग्रज बिअर कोमट का पितात? फ्रिज लुकासचा असतो. हे मी इतक्यांदा ऐकलंय की आता हसूही येत नाही. खरं सांगायचं तर वायरिंगच्या ज्या तक्रारी माझ्याकडे येतात त्यात बहुतेक वेळा पार्टचा दोष नसतोच. पन्नास वर्षांच्या पावसाने अर्थिंगचा बोल्ट गंजलेला असतो. एक पॉलिश पेपर आणि पाच मिनिटं, दिवे लख्ख.

पण म्हणून कारखान्यांना माफ करावं असंही नाही. काही दोष गाडीबरोबर जन्मालाच आले होते. मिनीचं उदाहरण घ्या. इंजिन आडवं बसवायची ॲलेक इसिगोनिसची कल्पना इतकी भारी की आज निम्म्या जगाच्या गाड्या तशाच असतात. पण १९५९ साली गाडी बाजारात आली तेव्हा डिस्ट्रिब्यूटर बरोबर पुढच्या जाळीच्या मागे. समोरून पाऊस आला की पाणी थेट करंटवर आणि गाडी रस्त्यात ठप्प. इंग्लंडसारख्या देशात! लोकांनी त्यावर उपाय काढला भांडी घासायच्या रबरी हातमोज्याचा. मोजा उलटा डिस्ट्रिब्यूटरवर चढवायचा, बोटांची टोकं कापायची आणि प्रत्येक बोटातून एक वायर. चार प्लगच्या, एक कॉइलची. पाच बोटं, पाच वायरी. हे मी पहिल्यांदा एका मिनीत पाहिलं तेव्हा फोटो काढून थेट कोल्हापूरला आमच्या मिस्त्रींना पाठवला. त्यांनी उत्तरात फक्त हात जोडलेले पाठवले.

आणि ट्रायम्फ स्टॅग. इतकी देखणी चार सीटची उघडी गाडी क्वचितच झाली असेल. इटलीच्या मिकेलोत्तीने काढलेली. १९७० ते ७७ मध्ये २५,८७७ बनल्या. त्याच ब्रिटिश लेलँडमध्ये रोव्हरकडे चांगलं, रस्त्यावर सिद्ध झालेलं व्ही-८ इंजिन होतं. पण ट्रायम्फवाल्यांनी स्वतःचं तीन लिटरचं बनवलं आणि त्याचा वॉटर पंप ठेवला इंजिनाच्या वरच्या अंगाला. पाणी थोडं कमी झालं की सगळ्यात आधी पंपच कोरडा पडणार. मग इंजिन तापतं, ॲल्युमिनियमचं हेड वाकतं, गॅस्केट उडतं. एका कंपनीत दोन चुली असल्या की काय होतं ते इथे दिसतं. १९६८ मध्ये मोठमोठी नावं एकत्र बांधून ब्रिटिश लेलँड उभी केली. एमजी आणि ट्रायम्फ, कालपर्यंतचे वैरी, एका छपराखाली आले. पुढे संप, तोटा, १९७५ मध्ये सरकारने ताबा घेतला. एमजीबी तर १९६२ साली निघालेली, ती थोडंफार रंगरूप बदलून १९८० पर्यंत ओढली आणि मग ॲबिंग्डनचा कारखानाच बंद केला. पाच लाखांवर गाड्या तिथून बाहेर पडल्या होत्या.

बाईंनी हे सगळं शांतपणे ऐकलं. म्हणाल्या, "आणि तरी मी घेतलीच ना."

मी काही बोलणार तेवढ्यात समोरच्या गाडीचा आवाज बसला. एक ठसका, दुसरा ठसका, आणि गप्प. बाईंनी घड्याळ पाहिलं. मी कपातला चहा खिडकीतून फेकला आणि पळालो. अशी संधी पुन्हा तासाभराने.

चावी ऑन, पंपाची टिकटिक नीट. कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल आहे. एका प्लगची वायर काढून सेल्फ मारला, ठिणगी नाही. कॉइलची मेन वायर कॅपमधून काढून ब्लॉकजवळ धरली, चावी ऑन ठेवून पॉइंट स्क्रू-ड्रायव्हरने उघडला. टचकन निळी, जाड ठिणगी. म्हणजे कॉइल ठीक, कंडेन्सर ठीक, पॉइंटही ठीक. गॅप पंधरा थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), कोणीतरी मन लावून बसवलेला. करंट इथपर्यंत येतोय आणि प्लगपर्यंत पोचत नाही. मध्ये राहतं काय? कॅप आणि रोटर.

एवढ्यात मागे एक जर्मन गाडी येऊन थांबली. गिऱ्हाईक. बाईंनी फोन करून उशीर होईल सांगितलं होतं, तर हा स्वतःच निघून आला. तिशीतला, कॉम्प्युटरवाला असावा. मला वाटलं, आता सौदा मोडला. विकायला निघालेली गाडी बॉनेट उघडून डोंगरात उभी!

मी त्याला म्हटलं, ये, इकडे उभा राहा, हात लावू नको. रोटर म्हणजे डिस्ट्रिब्यूटरच्या शाफ्टवर बसणारा अंगठ्याएवढा तुकडा. वर पितळेची पट्टी, खाली प्लास्टिक. पट्टीतून करंट फिरतो, एकेका प्लगला जातो, आणि प्लास्टिकचं काम एवढंच की त्याने खाली शाफ्टमध्ये उतरू नये. कॅप बाजूला ठेवून कॉइलची मेन वायर मी रबरी मुठीच्या पकडीने पितळी पट्टीच्या तीन-चार मिलिमीटर वर धरली. रोटर चांगला असेल तर इथे काहीच होत नाही, कारण करंटला पुढे जायला वाटच नसते. पॉइंट उघडला.

टच्. ठिणगी पट्टीवर पडली. पुन्हा उघडला, पुन्हा टच्. करंट प्लास्टिक भेदून सरळ शाफ्टमध्ये उतरत होता.

रोटर उपटून हातात घेतला तर चटका बसेल इतका गरम. पट्टी बसवायला मधोमध रिव्हेट मारलेला, आणि रिव्हेटचं खालचं टोक आणि आतली स्प्रिंग यांच्यामध्ये नखाएवढंही प्लास्टिक नाही. तिथे केसासारखी काळी रेघ. थंड असताना ते कसंबसं तग धरायचं, तापलं की हात टेकायचं. नवे म्हणून मिळणारे स्वस्त रोटर बरेचसे असे असतात. कोणी बनवलाय हे त्याच्यावर लिहिलेलंही नसतं. एमजीबीचं आज काहीही मिळतं, १९८८ पासून तर अख्खी नवी बॉडीसुद्धा मिळते. पण मिळतं ते टिकतंच असं नाही. मेमध्ये घातलेल्या दोन-तीन पौंडांच्या या तुकड्यामागे सहाशे पौंडांचे चांगले पार्ट बदलले गेले होते.

"जुना रोटर आहे?" मी विचारलं. अपेक्षा काही नव्हती.

बाई डिकीकडे गेल्या आणि बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन आल्या. गॅरेजमधून काढलेला प्रत्येक पार्ट त्या परत मागून आणत. "पैसे माझे, तर भंगारही माझं." डब्यात सगळं वर्तमानपत्रात गुंडाळलेलं, पुडीवर तारीख. मेची पुडी सोडली. रोटर निघाला, टोकाला जळका, बाकी दणकट, बाजूला लुकासचं नाव कोरलेलं. टोक जरा घासलं, बसवला, कॅप लावली. तीच परीक्षा आधी करून पाहिली होती, ठिणगी नाही. सेल्फ मारला, सुरू.

मी पुन्हा थांबायचं म्हटलं. तापमानाचा काटा मघाशी गाडी मेली त्या खुणेवर आला, तिच्या पुढे गेला, गाडी एका लयीत वाजत राहिली. तो तरुण भिजत उभा होता आणि त्याचा चेहरा खुलला होता. त्याच्या गाडीत मागच्या महिन्यात दिवा लागला म्हणे, तिघांनी कॉम्प्युटर लावला आणि काय झालं होतं ते शेवटपर्यंत कोणी सांगितलं नाही. "इथे मला बिघाड दिसला," तो मला म्हणाला. "डोळ्यांनी!"

आनंद झाला तरी व्यवहार सुटला नव्हता. त्याने घसा खाकरून दोनशे पौंड कमी करायला सांगितले. गाडी वाटेत बंद पडली होती, नाही का?

"बंद होती तेव्हा मागायचे होतेस," बाई म्हणाल्या. "आता सुरू आहे."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी मेंढ्यांकडे पाहिलं. पैसे ठरले होते तेवढेच राहिले.

मग त्याने मोबाइल काढला आणि काय काय सांभाळायचं ते मला विचारून लिहून घेऊ लागला. मी सांगितलं: हा रोटर जपून ठेव, नवा घेशील तर बिनरिव्हेटचा घे. फ्यूजच्या डबीत हिरवं दिसलं की घास. कोणी काही बदललं की जुना पार्ट मागून घे. सीटच्या मागे कार्पेटखाली सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या आहेत, लोकांना दुसरी माहीतच नसते, दर रविवारी दोन्हींतलं पाणी बघ.

"शनिवारी," बाई मध्येच म्हणाल्या. "काही कमी पडलं तर? रविवारी दुकानं बंद असतात."

इंग्लंडात १९९४ पासून रविवारी दुकानं उघडी असतात. मी गप्प बसलो, तोही बसला, आणि त्याने शनिवार लिहून घेतला.