माझ्या १९६९ च्या सी-१० पिकअपला पुढे डिस्क ब्रेक बसवले

गेल्या एप्रिलमध्ये मिशिगनमधल्या ॲन आर्बरहून घरी येताना पावसानं गाठलं. पुढचा सिग्नल लाल झाला म्हणून ब्रेक दाबला, तर गाडी सरळ थांबायची सोडून डावीकडे ओढायला लागली. स्टेअरिंग दोन्ही हातांनी दाबून धरलं तेव्हा कुठे पांढऱ्या पट्ट्यावर येऊन थांबली. शेजारी माझी अकरा वर्षांची मुलगी होती, कमरेला नुसता एक पट्टा. ती काही बोलली नाही, पण डॅशबोर्डला लावलेला हात तिनं घर येईपर्यंत काढला नाही. पुढचे ड्रम ब्रेक काढायचे हे मी त्याच रात्री ठरवलं.

गाडी १९६९ ची शेव्हरोले सी-१०, सहा सिलिंडरचं २५० क्युबिक इंचाचं इंजिन. चेसिस नंबरात एफ आहे, म्हणजे फ्लिंटच्या कारखान्यातली, आमच्या इथून तासाभराच्या अंतरावर जन्मलेली. तेव्हा या गाडीला चारही चाकांना ड्रमच असायचे. ड्रममध्ये पाणी गेलं की एका चाकाचा शू (ड्रमला आतून दाबून चाक थांबवणारा तुकडा) आधी पकडतो आणि दुसरा नुसताच घसरत राहतो. लांब उतारावर ड्रम तापून फुगतो, शूपासून लांब जातो आणि पेडल खाली खाली जातं. या हलक्या पिकअपना पुढे डिस्क (चाकाबरोबर फिरणारी उघडी ताटली, जिला दोन्ही बाजूंनी दाबून चाक थांबवतात) सरसकट मिळायला लागल्या त्या १९७१ पासून. माझी दोन वर्षांनी हुकली.

भंगारातल्या १९७१-७२ च्या गाडीचं सामान आणून बसवणारे बरेच जण आहेत. माझी अडचण चाकांची झाली. १९७० पर्यंत या गाडीला सहा नटांची चाकं होती, १९७१ पासून पाच नटांची आली. पुढे पाच आणि मागे सहा केलं, तर एक स्टेपनी दोन्हीकडे चालत नाही. म्हणून मूळ स्पिंडल, म्हणजे चाक ज्यावर फिरतं तो दांडा, तसाच ठेवणारं, सहा नटांच्या डिस्कचं किट घेतलं. तरीही जुन्या चाकाची रिम आतून कॅलिपरला, म्हणजे डिस्कला चिमट्यासारखं पकडणाऱ्या भागाला, घासायला लागलीच, आणि डिस्कला चालणारी पंधरा इंची चाकं वेगळी घ्यावी लागली. किट मागवण्याआधी ही जागा नक्की मोजून घ्या.

ड्रम उघडताना एक काळजी घ्यायची. आतल्या काळ्या धुळीत ॲस्बेस्टॉस असू शकतं. ती हवेच्या प्रेशरनं उडवायची नाही. मी मास्क लावला, सगळं पाण्यानं ओलं केलं आणि फडक्यानं पुसून ती फडकी पिशवीत बांधून टाकली. त्यानंतरचं पाना-नटाचं काम एका शनिवारात झालं. बेअरिंगमध्ये ग्रीस तळहातानं दाबून भरलं, दुसऱ्या बाजूनं बाहेर येईपर्यंत. हब फिरवत फिरवत नट आवळला, मग सैल करून बोटांनी लागेल तेवढाच ठेवला आणि नवी स्प्लिट पिन घातली.

खरं काम ब्रेक ऑइलच्या बाजूचं आहे. किटच्या खोक्यावरच्या फोटोत डिस्क आणि कॅलिपर चमकत असतात, त्यामुळे हे लक्षातच येत नाही. ड्रमचा शू फिरत्या ड्रमबरोबर आपोआप ओढला जाऊन अजून घट्ट बसतो, म्हणून पायाला जोर कमी लागतो. डिस्कला ती मदत नाही. पायाचा जोर वाढवणारा बूस्टर नसेल तर पेडलवर चांगलाच जोर द्यावा लागतो. म्हणून मी व्हॅक्यूम बूस्टर बसवला आणि त्याची नळी इंजिनात हवा नेणाऱ्या इनटेक मॅनिफोल्डला जोडली. पेडल दाबलं की नळ्यांत तेल ढकलणारा मास्टर सिलिंडरही बदलला. जुना ड्रमसाठीचा होता, त्याच्या आउटलेटमध्ये एक छोटा व्हॉल्व्ह असतो, जो लाइनमध्ये थोडा दाब कायम धरून ठेवतो. ड्रमला तो हवा, पण तोच डिस्कला जोडला तर पाय काढल्यावरही कॅलिपरमधले पॅड डिस्कला घासत राहतात. त्याच्या खाली कॉम्बिनेशन व्हॉल्व्ह आला. मागचे शू ड्रमला टेकेपर्यंत तो पुढच्या डिस्कला थोडं थांबवतो, आणि जोरात ब्रेक मारला तर मागचा दाब मर्यादेत ठेवतो, नाहीतर रिकामी पिकअप मागून घसरते.

नळ्यांची टोकं दुहेरी फ्लेअरची करावी लागतात, म्हणजे पत्रा आत दुमडून दोन थरांचा करायचा. पहिली चार टोकं वाकडी झाली, ती कापून टाकली. ब्रेकच्या नळीत ‘चालून जाईल’ असं काही ठेवायचं नाही, हे मी आधीच ठरवलं होतं.

मग नळ्यांत अडकलेली एअर काढायला बसलो. बायको पेडलवर, मी चाकापाशी, हवा सोडायच्या निपलला पारदर्शक नळी लावून. "दाब. धर. धर... सोड." मागची दोन्ही चाकं पहिल्या संध्याकाळीच झाली. पुढे मात्र तीन संध्याकाळी गेल्या, ब्रेक ऑइलचे दोन डबे संपले, तरी पेडल स्पंजसारखंच. प्रत्येक जोड तपासला, कुठे थेंबही गळत नव्हता. मास्टर सिलिंडरच खराब आला असणार, असं मी धरून चाललो होतो.

तिसऱ्या दिवशी ती वैतागून खाली उतरली आणि टॉर्च घेऊन चाकापाशी उकिडवी बसली.

"हवा वर जाते ना?"

"हो."

"मग हे निपल खाली कसं काय?"

बघितलं तर खरंच. डावा कॅलिपर उजवीकडे आणि उजवा डावीकडे बसवला होता. बोल्ट दोन्हीकडे चपखल बसतात, डिस्कही मोकळी फिरते, काही अडत नाही. फक्त निपल खाली येतं, आणि वर अडकलेला हवेचा फुगा कितीही पंप मारला तरी तिथेच राहतो. दोन्ही कॅलिपर अदलाबदल केले. होज कॅलिपरला जोडणाऱ्या पोकळ बँजो बोल्टला दोन्ही बाजूंना नवे तांब्याचे वॉशर घातले, कारण एकदा दाबलेला वॉशर पुन्हा नीट बसत नाही. त्यानंतर वीस मिनिटांत पेडल दगडासारखं कडक झालं. इंजिन बंद ठेवून पेडल दोन-चारदा दाबलं, मग पाय तसाच ठेवून इंजिन चालू केलं, तर पेडल बोटभर खाली गेलं. म्हणजे बूस्टरही काम करत होता.

रविवारी सकाळी शाळेच्या रिकाम्या पार्किंगमध्ये आधी चालण्याच्या वेगानं तपासलं. मग मोकळ्या रस्त्यावर ताशी ३० मैलांवरून हळूहळू वेग कमी करायचा, थोडं चालवून डिस्क गार होऊ द्यायची, असं दहा वेळा केलं, म्हणजे पॅड आणि डिस्कचं जमतं. शेवटच्या वेळी स्टेअरिंगवर दोनच बोटं ठेवून ब्रेक दाबला. गाडी रेषेत थांबली. मी तिथेच इंजिन बंद करून पाच मिनिटं बसून राहिलो, इतकं बरं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी कॉम्बिनेशन व्हॉल्व्हच्या एका जोडावर बोट फिरवलं तर ओलं लागलं. अर्धा फेरा आवळल्यावर कोरडं राहिलं. पहिला आठवडा रोज गाडीखाली पुठ्ठा टाकून ठेवला होता. मागचे ड्रम आहेत तसेच आहेत, फक्त शू नीट जवळ आणले. आता खांद्यावरचे पट्टे आणून ठेवलेत. केबिनच्या मागच्या खांबात ते कुठे धरतील ते पत्रा उघडून बघायचं आहे, पुढच्या शनिवारी.