मॅनिफोल्ड नदीच्या खोऱ्यात भेटलेली बार्शी लाइट

आज इंग्लंडमधील स्टॅफर्डशायरमध्ये हल्म एंड ते वॉटरहाउसेस ही आठ मैलांची वाट चालून आलो. हा एकेकाळचा लीक अँड मॅनिफोल्ड रेल्वेचा मार्ग. १९०४ मध्ये सुरू झालेली ही अडीच फूट रुंदीच्या रुळांवरची गाडी १९३४ मध्ये बंद पडली आणि रूळ उखडून तेथे पायवाट झाली.

माझे आजोळ बार्शीचे, म्हणून या वाटेची ओढ अधिक. १८९७ मध्ये आमची बार्शी लाइट ही छोटी रेल्वे उभारणारे एव्हरार्ड कॅल्थ्रॉप हेच या मार्गाचेही अभियंते होते, आणि कुर्डुवाडी-बार्शीच्या माळावर कसोटीला उतरलेली रुंदी व रचना त्यांनी या हिरव्या खोऱ्यात आणली, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. रुंद रुळांच्या मोठ्या मार्गाचे डबे जसेच्या तसे छोट्या गाडीवर चढवून नेण्याची सोयही येथे होती. प्रवासी थोडे, मुख्य आधार दुधाचा. एक्टनची दुग्धशाळा बंद झाली आणि तोही गेला.

याच मार्गावरच्या स्वेन्स्ली बोगद्यात आता मोटारी जातात. तेथील ओलसर, गार भिंतीला हात लावून मी बराच वेळ उभा होतो.