भिंती सरकतात, फरशी नाही

१९९७ साली कॅसेटच्या दुकानात मी मोठ्या ऐटीत ‘जमिरोक्वाय’ मागितली. काउंटरवरच्या काकांनी मान वर न करता सांगितलं, ‘‘कव्वाली मागच्या कप्प्यात.’’ काकांचाही काही दोष नाही. ‘जॅम’ (वादकांनी जमून उत्स्फूर्त वाजवणं) आणि अमेरिकेतल्या ‘इरोक्वाय’ या मूळनिवाशांचं नाव यांचा सांधा जुळवून लंडनच्या एका बँडनं केलेलं हे बारसं, ते आमच्या गल्लीत कुणाच्या तोंडी बसणार?

शेवटी कव्वालीच्या कप्प्यालगतच सापडली ती: ‘ट्रॅव्हलिंग विदाउट मूव्हिंग’, म्हणजे न हलता प्रवास. १९९६ चा अल्बम, बँडचा तिसरा. मुखपृष्ठावर फेरारीच्या बिल्ल्यासारखा बिल्ला, पण उधळलेल्या घोड्याच्या जागी शिंगंवाला माणूस. घरी सायकल होती, तीही बाबांची.

गंमत म्हणजे याच मंडळींचा १९९३ मधला पहिला अल्बम पृथ्वीच्या काळजीनं व्याकूळ झालेला. जंगलं वाचवा, माती वाचवा. आणि तीन वर्षांत गायक जे के लॅम्बोर्गिनीच्या प्रेमात! शीर्षकगीताची सुरुवातच मुळी इंजिनाच्या घरघरीनं होते. पेट्रोल जाळायचं आणि वसुंधरेसाठी हळहळायचं, यावरून टीकाकारांनी त्याला बरंच धुतलं. मला मात्र ही विसंगती घरचीच वाटते. पर्यावरणावर तळमळून बोलणारे आमचे एक मामा कोपऱ्यावरच्या वाण्याकडे स्कूटरवरून जातात.

पण अल्बम मनात रुतला तो बेसमुळे, म्हणजे खालच्या जाड सुरांच्या गिटारमुळे. त्या आधी मी गाणं ऐकायचो म्हणजे चाल ऐकायचो. खाली काय चाललंय, याच्याशी देणंघेणं नसे. ‘कॉस्मिक गर्ल’मध्ये वर व्हायोलिनांचा थाट चालू असतो, ढोल प्रत्येक मात्रेवर इमानानं पडत असतो, आणि त्या दोघांच्या मधून बँडमधल्या स्टुअर्ट झेंडरचा बेस गर्दीतून अंग चोरत जाणाऱ्या पोरासारखा वाट काढतो. या बँडचं संगीत फंक, म्हणजे ठेक्यावर नाचायला लावणारं, आणि फंकमध्ये पहिल्या मात्रेचा मान मोठा. तबला ऐकणाऱ्याला हे वेगळं समजवावं लागत नाही. सम म्हणतो ना आपण, तसंच काहीसं. खरी मजा मात्र समेनंतरच्या मोकळ्या जागांत. बेसवाला कुठे वाजवत नाही, हे लक्षात यायला लागलं की पाय आपोआप हलतो. आमच्या टेपरेकॉर्डरचा स्पीकर तळहाताएवढा, त्यात बेस ऐकू यायचाच नाही. मग मी तो लाकडी कपाटावर ठेवला, आणि आतली स्टीलची ताटं झेंडरला साथ करायला लागली.

सगळाच अल्बम काही असा नाही, हेही सांगायला हवं. मध्ये डिजरीडू या ऑस्ट्रेलियातल्या आदिवासी वाद्याचे दोन तुकडे आहेत. कॅसेट पुढे पळवायला मला कधी वाईट वाटलं असेल, तर ते या तुकड्यांपाशी नाही.

लोकांच्या लक्षात राहिलं ते अर्थातच ‘व्हर्च्युअल इन्सॅनिटी’. तंत्रज्ञानानं माणसाचं डोकं फिरवलंय, असं गाऱ्हाणं सांगणारं गाणं, आणि त्याची चित्रफीत म्हणजे तंत्राचीच करामत! करड्या खोलीत डोक्यावर भलीमोठी केसाळ टोपी घालून जे के नाचतोय, आणि पायाखालची फरशी सरकतेय. सोफे सरकतात, तो मात्र तोल न जाता तरंगतो. १९९७ च्या एमटीव्ही पुरस्कारांत या चित्रफितीला दहा नामांकनं आणि चार बक्षिसं मिळाली. अल्बमच्या ८० लाखांवर प्रती खपल्या. फंकमध्ये एवढा खप दुसऱ्या कुणाचा नाही, अशी गिनेस बुकात नोंद आहे.

केबलवर तो नाच पाहून मीही आमच्या मोझॅकच्या फरशीवर प्रयोग केला. आईनं नुकतीच पुसलेली फरशी, पायांत शाळेचे मोजे. कपाटापर्यंत सुरेख गेलो. पुढचं ताटांनी सांगितलं.

खरा प्रकार खूप वर्षांनी कळला. फरशी जागची हललेलीच नव्हती. दिग्दर्शक जोनाथन ग्लेझरनं भिंतींना चाकं लावली होती आणि कॅमेरा भिंतीलाच जखडला होता. माणसं भिंती ढकलायची. कॅमेरा भिंतीबरोबर जाणार, म्हणून भिंत आपल्याला स्थिर दिसते आणि फरशी पळताना. जो सोफा फरशीवर टेकलेला, तो सरकतो. जो भिंतीला अडकवलेला, तो जागच्या जागी. एवढीच गोम.

परवा आईला मोबाइलवर ते गाणं लावून दिलं. भिंती, चाकं, कॅमेरा, सगळं हातवारे करून समजावलं. तिनं शेवटपर्यंत मन लावून पाहिलं, चष्मा काढला आणि म्हणाली, ‘‘ते कळलं रे. पण त्या टोपीत उकडत नसेल का त्याला?’’