तुम्ही विचारलंत म्हणून: सांगलीत खायच्या गाड्या सापडतात कशा?

मी औषध कंपनीत एमआर आहे. सांगली, मिरज, कुपवाड हा माझा एरिया, त्यामुळं दुपारचं जेवण चारला आणि रात्रीचं साडेदहाला हे ठरलेलंच, कारण डॉक्टर शेवटचा पेशंट गेल्याशिवाय आम्हाला आत घेत नाहीत आणि तेवढ्या रात्री घरी जाऊन कुकर कोण लावणार. मग बाहेर खाणं आलंच. त्यामुळं बदली होऊन आलेले बँकवाले, वालचंद इंजिनिअरिंग कॉलेजला पोरगं घातलेले आईबाप, आमच्या कंपनीतली नवीन पोरं, सगळे मलाच विचारतात की मॅडम, ते फूड ट्रक तुम्हाला सापडतात कुठं, आम्ही मॅप लावून जातो तर तिथं नुसता रिकामा रस्ता असतो.

मॅप लावून जाता तिथंच गडबड आहे. कुणीतरी कधीतरी टाकलेलं ते लोकेशन असतं, आणि गाडीला चाकं आहेत हो. त्यात आपल्याकडं मोठ्या शहरातल्यासारखं एकाच मैदानात सगळे ट्रक लायटिंग करून उभे असा प्रकार फारसा नाही, इथली गाडी गर्दीच्या मागं फिरते. म्हणून मी गाडी शोधतच नाही, या टायमाला सांगलीत भूक कुणाला लागली असेल एवढा विचार करते आणि तिकडं गाडी वळवते.

सकाळी लवकर भूक लागते मार्केट यार्डात. हळद, गूळ, बेदाणा, मालाच्या गाड्या रिकाम्या होत असतात, हमाल लोक उजाडल्यापासून पोती वाहत असतात, त्यांना दोन चमचे पोहे देऊन भागत नाही. तिथल्या टेम्पोवर झुणका-भाकरी, खरडा, भजी असलं दणकट मिळतं आणि भाकरी पातळ झाली तर हमाल तिथल्या तिथं बोलून दाखवतात, त्यामुळं क्वालिटी आपोआप राहते. फक्त साडेअकराला गेलात तर टेम्पोवाला पातेली घासत असतो.

दुपार मी सोडूनच देते. उन्हात पत्र्याच्या गाडीत उभं राहायला त्यांनाही नको वाटतं आणि आपल्यालाही.

संध्याकाळी विश्रामबाग आणि शंभर फुटी रोड. कॉलेज, क्लास सुटलेली पोरं, चालायला निघालेले रिटायर काका, बाळाला फिरवायला आणलेली जोडपी. मोमो, शोरमा, चायनीज, चीज घातलेलं कायपण, सगळं इथं, आणि दर थोड्या महिन्यांनी नवीन फॅड. माझं स्पष्ट मत सांगते, ज्या गाडीवर सेल्फी काढायला पंख लावलेत तिथं मी थांबत नाही. मेन्यूवर साठ पदार्थ असतील तरी नाही, कारण एवढ्याशा छोट्या हत्ती टेम्पोत साठ पदार्थांचं सामान ताजं ठेवायला जागा तरी कुठाय? चार पदार्थ लिहिलेत आणि त्यातला एक संपलाय म्हणून पुसलाय, अशी गाडी दिसली की मी खुशाल थांबते.

तिकडं माझी आवडती गाडी दावणगिरी लोणी डोशाची. नाव नाही सांगत, कारण वर म्हटलं तसं ती आज इथं तर उद्या पुढच्या तिकटीला. टेम्पोच्या बाजूचा पत्रा वर उचललेला, आत काळाभोर जाड तवा, दादा तव्यावर पाणी मारतात, चर्र झालं की आखूड केलेल्या झाडूनं एका हातात सगळा तवा झाडून घेतात, वाटीनं पीठ ओतून जाडसरच फिरवतात आणि मग त्यावर पांढऱ्या लोण्याचा गोळा, अमूल नव्हे, पांढरं लोणी. ते विरघळत कडेपर्यंत जातं, खालून डोसा कुरकुरीत तांबूस आणि वरून जाळीदार मऊ. बटाट्याची भाजी फिकी असते आणि फिकीच पाहिजे, खोबऱ्याच्या चटणीत मिरची असतेच. आणि हा पार्सल नेऊ नका हो, घरी पोचेपर्यंत वाफेनं त्याचा पार लगदा होतो, मग तुम्हीच म्हणता मॅडमनी कायपण सांगितलं. उभ्यानं खा, पहिला संपायच्या आत दुसऱ्याची ऑर्डर द्या.

रात्री उशिरा मात्र मिरज, तिथं सांगलीचं काम नाही. 1894 साली वॉनलेस डॉक्टरांनी मिशन हॉस्पिटल काढलं तेव्हापासून मिरज दवाखान्यांचं गाव, अथणी, चिकोडी, विजापूरकडून पेशंट येतात, आणि एका पेशंटबरोबर तीन नातेवाईक. आत ॲडमिट असलेल्याला दवाखान्याचं जेवण मिळेल, पण बाहेर सतरंजीवर बसलेल्या माणसानं काय खायचं? त्यांच्यासाठी दवाखान्यांच्या आसपास गाड्या उशिरापर्यंत चालू असतात. इडली, अंडा बुर्जी, राइस प्लेट, गरम दूध. बोलणं निम्मं मराठी निम्मं कन्नड, भाव माफक, आणि गाडीवाले न विचारता भात थोडा जास्त वाढतात. एकदा माझ्या शेजारी उभ्या आजींनी विचारलं, "पोरी, तुझं कोण ॲडमिट हाय?" कोणी नाही म्हटलं तर त्यांना पटेचना, कोणी नसताना इथं कशाला कोण येईल. त्यांना काय सांगू की तो बुर्जीवाला कांदा इतका बारीक चिरतो की त्याच्यासाठी मी सांगलीतनं येते.

स्वच्छतेचं पण सगळे विचारतात, त्याचं थोडक्यात सांगते. एफएसएसएआयचा, म्हणजे खाद्यपदार्थ विकायच्या सरकारी परवान्याचा, 14 आकडी नंबर गाडीवर लिहिलाय का बघा. सिलिंडर बघा, निळा 19 किलोचा म्हणजे धंद्याचा, लाल 14.2 किलोचा म्हणजे घरातला उचलून आणलाय, आणि जो तिथं शॉर्टकट मारतो तो तेलात मारणार नाही कशावरून? पैसे घेणारा हात आणि वाढणारा हात वेगळा असला तर उत्तम, क्यूआर आल्यापासनं हे जरा सुधारलंय. श्रावणात नॉनव्हेजच्या बऱ्याच गाड्या पनीरवर येतात, तेव्हा तुमची नेहमीची गाडी ओळखू आली नाही तर दचकू नका.

पावसाळ्यात तर सगळा नकाशाच बदलतो. आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी 40 फुटाला गेलं की इशारा, 45 ला धोका, आणि 2019 च्या ऑगस्टला ते 57 च्या वर गेलं होतं, तेव्हा अर्धी सांगली पाण्यात होती. गाळ्यात हॉटेल टाकलेल्यांचे फ्रीज, भट्ट्या, फर्निचर सगळं गेलं. तेव्हापासून नदीकडच्या भागातले गाडीवाले आकड्यावर डोळा ठेवून असतात, पस्तीस-छत्तीस ऐकलं की स्टार्टर मारून विश्रामबागच्या उंचावर. लोक म्हणतात गाळ्याचं डिपॉझिट परवडत नाही म्हणून गाडी, ते खरंच आहे, पण एका वहिनींनी मला सांगितलं की आमचा गाळा बुडाला त्यावर्षीच ठरवलं, आता जे काय करायचं ते चाकावर.

आणि बायका हळूच विचारतात तो प्रश्न, एकटीनं गाडीवर उभं राहून खाल्लं तर चालतं का. चालतं की. मी वर्षानुवर्षं खाते. फक्त दिव्याखालची गाडी बघते, जिथं नवरा-बायको दोघं मिळून चालवतात तिथं पहिल्यांदा जाते, आणि दोन-तीनदा गेलं की वहिनी लांबूनच ओळखतात, स्टूल पुढं सरकवतात, वर "आज उशीर झाला काय" हे पण विचारतात. कुठली गाडी कुठं गेली हे समजत नसेल तर जवळच्या रिक्षा स्टॉपवर विचारा, रिक्षावाले काका स्वतः तिथंच खातात, त्यांना पक्कं माहीत असतं. तिखट नको असेल तर ते मात्र ऑर्डर देतानाच सांगा, प्लेट हातात आल्यावर सांगितलं तर वर शेव घालून देतात, दुसरं काही करत नाहीत.