गाडी जिथे उलटी फिरायची

कर्जतला मागून बँकर, म्हणजे घाटात गाडी ढकलणारी जादा इंजिनं लागली, डब्याला हलकासा धक्का बसला, की आजोबा पेपरची घडी घालून खिडकीशी सरकायचे. रेल्वेत फिटर होते. खंडाळा जवळ आलं की म्हणायचे, "ते बघ, रिव्हर्सिंग स्टेशन." मला झाडीच दिसायची.

१८६३ साली बोरघाटातून रेल्वे सुरू झाली, तेव्हा डोंगराच्या कडेला गाडी वळवायला जागाच नव्हती. चढ काही ठिकाणी सदतीस फुटांना एक फूट! मग गाडी बंद टोकाच्या रुळावर घ्यायची, इंजिन काढून दुसऱ्या टोकाला जोडायचं, आणि पुन्हा चढण. म्हणजे पुण्याकडे तोंड करून बसलेला माणूस तिथून पुढे पाठमोरा पुण्याला निघायचा. (आमची आजी असती तर जागेवरून भांडली असती.)

घाटाचा ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये वारला, तेव्हा त्याची बायको अ‍ॅलिस हिने ठेका पुढे चालवला. शाळेत हे कुणी सांगितलं नाही.

१९२९ मध्ये नवा मार्ग झाला आणि इंजिन फिरवायची गरज संपली. गेल्या महिन्यात शिवाजीनगरहून मुंबईला निघालो, तर खंडाळा गेल्यावर मीच मुलीला म्हणालो, "ते बघ." तिने मोबाइलवरून मान वर केली. तोवर बोगदा आला होता.