पंप नवा, आवाज जुना : आमच्या गॅरेजची वाटचाल

गोव्यातल्या फोंड्यात कुर्टीच्या बाजूला बाबांनी गॅरेज घातलं ते खाणीवरच्या ट्रकांच्या भरवशावर. उसगाव, साखळी, डिचोली या पट्ट्यातून खनिज घेऊन जेटीकडे धावणारे टिपर रात्री आमच्याकडे यायचे. पॉवर स्टेअरिंगचा बॉक्स, पंप, प्रेशर पाइप हीच मुख्य कामं. सप्टेंबर 2012 मध्ये राज्य सरकारने खाणकाम थांबवलं, ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला आणि ट्रक मालकांच्या दारात उभे राहिले. मधे थोडं सुरू झालं, मार्च 2018 मध्ये परत बंद. त्या दुसऱ्या बंदीची आम्हाला फारशी झळ लागली नाही, कारण तोवर आम्ही टॅक्सीवाल्यांचे झालो होतो.

टव्हेरा, इनोव्हा, स्कॉर्पिओ, बोलेरो. या सगळ्यांचं स्टेअरिंग तेलाच्या दाबावर चालतं. ट्रक असो की इनोव्हा, एंजिनच्या पट्ट्यावर फिरणारा पंप तेल ढकलतो आणि ते चाकं वळवायला हातभार लावतं. त्यामुळे नवं असं शिकायला फार नव्हतं. पण टॅक्सीवाल्यांबरोबर एक वेगळीच तक्रार आली, आणि खरं सांगायचं तर आमचं नाव झालं ते तिच्यामुळे. दुसरीकडे पंप बदलून घेतलेला गिऱ्हाईक यायचा आणि म्हणायचा, "पंप नवो, आवाज पोरनो." पार्किंगमध्ये स्टेअरिंग वळवलं की बोनेटखालून घूंऽऽ असा आवाज, एंजिन रेस केलं की आणखी चढणारा.

आमच्या अनुभवात अशा गाड्यांत पंप क्वचितच दोषी निघतो. बहुतेक वेळा तेलात हवा असते. तेलाच्या डब्याचं झाकण काढून बघायचं. तेल दुधाळ दिसलं, वर फेस असला, की हवा आहेच. पंप बदलताना सगळी लाइन रिकामी होते. तेल ओतून लगेच एंजिन चालू केलं तर पंप त्या हवेला तेलात घुसळून टाकतो आणि मग ती निघता निघत नाही. म्हणून आमच्याकडे पुढची चाकं जॅकवर उचलून, एंजिन बंद ठेवून, स्टेअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवतात. बुडबुडे येतात, पातळी उतरते, तेल घालायचं, पुन्हा फिरवायचं. बुडबुडे थांबल्यावरच चावी. टोकाला धरून ठेवायचं नाही, तिथे दाब सर्वांत जास्त चढतो आणि पंप तापतो. काम कंटाळवाणं आहे, त्यामुळे घाईत असलेला मेकॅनिक नेमकं हेच टाळतो.

एअर काढूनही दोन दिवसांनी आवाज परत आला तर डब्यातून पंपाकडे जाणारा जाड रबरी पाइप बघायचा. प्रेशरच्या बाजूला गळती असली की तेल बाहेर येतं, खाली डाग पडतो, आंधळ्यालाही कळेल. या ओढीच्या बाजूला मात्र तेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. शहाळ्यातल्या नळीला वरच्या अंगाला चीर असली की पाणी कमी आणि हवाच जास्त तोंडात येते, तसंच. पाइप एंजिनच्या उष्णतेने कडक झालेला असतो. जुन्या पाइपवर जुनाच क्लॅम्प आवळून नवा पंप बसवला की तो नीट धरत नाही. पाइप आणि ओ-रिंग (जोडावरची रबरी कडी) दोन्ही पंपासोबत बदलावीत, असं आमचं ठाम मत आहे. पंपाच्या किमतीपुढे हा खर्च काहीच नाही.

डब्यातली जाळी हे आणखी एक दुर्लक्षित ठिकाण. जुना पंप झिजताना धातूचा बारीक चुरा सोडतो, तो जाळीत अडकतो आणि नव्या पंपाला तेल ओढताना उपास घडतो. तेलाचीही खात्री हवी. टोयोटाच्या इनोव्हाला लाल रंगाचं एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल चालतं, पण स्कोडाच्या जुन्या ऑक्टाव्हियाला हिरवं तेल लागतं. दोन्ही मिसळणं म्हणजे सीलची वाट लावणं. आणि पुली! ती पुलरने काढून दाबून बसवायची असते. हातोड्याने ठोकली की शाफ्ट आणि बेअरिंगला मार बसतो, मग नवा पंप खरोखरच आवाज करू लागतो. फक्त वळवताना कर्कश किंचाळी येत असेल तर मात्र आधी पट्टा तपासा. पावसाळ्यात महिनोन्महिने उभ्या राहिलेल्या भाड्याच्या गाड्यांत हे हमखास.

नुसतं तपासण्याचे पैसे घ्यायला आम्ही सुरुवात केली तेव्हा बाबांनाच ते पटलं नव्हतं. "बघायचे कसले पैसे?" असं त्यांचं म्हणणं. पण टॅक्सीवाल्याचा हंगामातला दिवस गेला की त्याचं नुकसान पंपापेक्षा मोठं असतं, आणि न लागणारा दुसरा पंप घेण्यापासून वाचलेला माणूस चार जणांना सांगतो. कळंगुटपासून काणकोणपर्यंतच्या गाड्या आमच्याकडे येतात त्या अशाच तोंडी शिफारशीवर. हल्ली बांदा-सावंतवाडीचीही येतात.

आता लहान गाड्यांत इलेक्ट्रिक स्टेअरिंग आलं. तिथे तेलच नाही, म्हणून धाकटा भाऊ स्कॅनर घेऊन बसतो. इनोव्हा क्रिस्टा आणि बोलेरोंमुळे माझं तेलाचं काम अजून बऱ्यापैकी चालू आहे.

पंप आधीच बदलून झाला असेल तर येताना जुना पंप टाकून देऊ नका, सोबत आणा. आतल्या पात्या आणि सील पाहिले की चुरा पुढे चाकं वळवणाऱ्या रॅकपर्यंत गेला असेल का, याचा अंदाज येतो आणि फ्लशिंग, म्हणजे सगळी लाइन धुऊन काढायची की नाही ते ठरवता येतं. चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या आधीचा आठवडा मात्र टाळा, तेव्हा आमचे कामगार घरच्या माटोळीच्या (गणपतीवर टांगायच्या फळा-पानांच्या मांडवीच्या) तयारीत असतात.